कोरडे दार

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी धुळ्यात दवंडी पिटली गेली. हलगीवाला आग्रा रोडवरून गल्लीत वळला आणि नेमका कोपऱ्यावर, तानुबाईच्या दारासमोर थांबला. उद्या सव्वीस जानेवारी, उद्या सकाळी मोटारसायकलींची शर्यत. शर्यतीच्या वाटेवर कोणी बैलगाडी आणू नये. गुरे, कुत्री, पोरे आवरून ठेवावीत. आणि पहाटेपासून शर्यत संपेपर्यंत रस्त्यावर कोणी पाणी टाकू नये, सडासुद्धा घालू नये.

बाकीचे सगळे बायकांनी मुकाट ऐकून घेतले. शेवटच्या वाक्याला मात्र पुष्पाबाई ओट्यावरून उठल्या. त्या शेजारच्या घरातल्या, वयाने मोठ्या. गल्लीत काय करायचे आणि काय नाही, हे त्यांना विचारूनच ठरे.

"सडा नही? मंग धुयामा नुसती धूयच ठेवानी का रे भो?"

"माले काय इचारतस, मावशी? मी तं नुसता सांगनारा शे," हलगीवाला म्हणाला आणि पुढच्या चौकाकडे निघाला.

धुळ्यात धूळच, या कोटीला बायका हसल्या. तानुबाई हसली नाही. ज्या दारापुढे सकाळी सडा पडत नाही त्या घरात कोणी गेले आहे, हे न विचारता समजायचे, असे ती लहानपणापासून पाहत आली होती. तिची आई गेली तेव्हा गावच्या घरासमोरची जमीन अशीच कोरडी, पांढरी पडली होती. वाटेने जाणारी माणसे तिथे आली की आवाज खाली करत. त्या वेळी तानुबाई परकरी वयाची होती आणि तिचा भाऊ अभिमन तिच्या कडेवर होता. पुढे त्याला तिनेच वाढवले. लग्न होऊन धुळ्याला आली तेव्हाही त्याला सोबत घेऊनच आली.

उद्याच्या शर्यतीत अभिमन होता.

आता तो पंचवीस वर्षांचा झाला होता. पिंपळनेरला त्याचे ऑइल इंजिने दुरुस्त करण्याचे छोटे दुकान होते. विहिरीवरचे इंजिन बंद पडले की लांबलांबचे शेतकरी त्याला न्यायला येत. लष्कराच्या लिलावातून त्याने एक मोडकी मोटारसायकल आणली होती आणि फावल्या वेळात खपून तिची अशी गाडी केली होती की घाटात ट्रकवाले तिला आपणहून वाट देत. गेल्या वर्षी नाशिकच्या शर्यतीत तो पडला. खांद्याचे हाड मोडले. तेव्हा तो इथेच, तानुबाईच्या घरी येऊन राहिला होता, आणि ती त्याला लहानपणीसारखी घास भरवत होती. त्याच दिवसांत त्याने तिला शब्द दिला होता.

"अक्का, एक शर्यत जिकी लेऊ दे. फक्त एक. मंग गाडी इकी टाकसू. तुनी आन."

"आनि नही जिकना तं?"

"मंग जिकस तोपावत चालाडसू."

जिंकला की गाडी विकायची, तोवर चालवत राहायची, असा तो शब्द होता. म्हणून तानुबाईची मोठी विचित्र अवस्था झाली होती. शर्यतीचे नाव काढले की ती उठून आत जाई, आणि त्याच शर्यतीत भाऊ पहिला यावा म्हणून ती देवाला साकडे घाली. तो धडपणे जिंकला तरच तिची ही भीती कायमची संपणार होती.

तिचे यजमान शालिग्राम मास्तर प्राथमिक शाळेत शिकवत. जनगणना आली की मास्तर, निवडणूक आली की मास्तर, तसे शर्यत आली तेव्हाही शहरातल्या मास्तरांनाच बोलावणे आले. प्रत्येक वळणावर एक मास्तर उभा राहणार होता. त्याच्या दंडाला पट्टी आणि हातात पिवळा झेंडा. पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि या वळणावर कोणाला मागे टाकू नका, असा त्या झेंड्याचा अर्थ. शर्यत थांबवण्याचा लाल झेंडा मात्र लांब, निघण्याच्या जागेवरच्या मांडवात होता. शालिग्राम मास्तरांना वळण मिळाले ते त्यांच्याच घराच्या कोपऱ्याचे.

हे वळण सगळ्यांत अवघड होते. आग्रा रोडच्या सरळ रस्त्यावर गाड्या भरधाव येणार आणि तिथून एकदम काटकोनात गल्लीत शिरणार. शर्यतीसाठी म्हणून गल्लीत नवे डांबर घातले होते. पुढे नदीकाठच्या रस्त्याने पुलापर्यंत जाऊन गाड्या पुन्हा आग्रा रोडला लागणार. अशा बारा फेऱ्या.

"एवढंसं पाणी टाकलं तर काय होतं?" रात्रीची भाकरी थापता थापता तानुबाईने विचारले. नवऱ्याशी ती शहरातले बोलणे बोले, भावाशी गावाकडचे.

मास्तर वर्गात सांगत तसेच सावकाश सांगू लागले. "पळत येऊन देवळाच्या खांबाला वळसा घातला तर आपण आत झुकतो ना? गाडीही तशीच झुकते. अंगातला वेग तिला बाहेर फेकू बघतो आणि जमीन तिला धरून ठेवते. पण टायरचा जमिनीला टेकलेला भाग असतो केवढा? एवढा." त्यांनी दोन बोटे जोडून दाखवली. "तेवढ्या जागेत शेणाचं पाणी आलं, की जमीन हात सोडून देते."

"आणि दार कोरडं ठेवलं तर?"

"तर काहीच होत नाही."

"तुमच्या शाळेत होत नसेल," तानुबाई म्हणाली.

पण तिने ऐकले. सकाळी उठून सवयीने तिने बादलीत शेण कालवले, आणि कालवून झाल्यावर दवंडी आठवली. बादली तशीच मोरीत ठेवून दिली.

रस्ता ओळखू येत नव्हता. दोन्ही बाजूंना बांबू रोवून दोर ताणले होते आणि दोरांवर तिरंगी पताका. गच्च्यांवर, कौलांवर, लिंबाच्या फांद्यांवर, जिथे पाय टेकेल तिथे माणूस होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांनी गावाबाहेर बैलगाड्या सोडल्या होत्या. कर्ण्यावरून स्वारांची नावे सांगितली जात होती, हा मुंबईचा, हा इंदूरचा, हा नाशिकचा. कातडी कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, कपाळावर चढवलेले मोठाले चष्मे. गाड्यांच्या टाक्या इतक्या घासलेल्या की त्यांत पताका हलताना दिसत. शर्यतीच्या इंजिनात एरंडेल घालतात. ते जळले की त्याचा गोडसर वास सगळ्या रस्त्यावर पसरे, आणि घरोघरी एरंडेल प्यायलेले लोक नाक मुरडून हसत.

निघण्यापूर्वी अभिमन बहिणीच्या पाया पडायला आला. त्याच्याबरोबर यावलचा तोताराम होता. केळीच्या बागाईतदाराचा मुलगा, त्याची गाडी नवी, लालभडक. दोघांची नाशिकला ओळख झाली होती. तोतारामने केळ्यांची एक फणी तानुबाईच्या हातात ठेवली.

"ताई, आज तुमच्या भावाला माझी धूळ खावी लागणार. पण धुळ्याच्या माणसाला सवय असेल म्हणा."

"तू फक्त केळांना सालटा रस्तावर टाकत नको जाऊ," अभिमन म्हणाला. "तुनीच गाडी घसरी जाई."

दोघेही मोठ्याने हसले. तानुबाईला त्यांचे हसणे जरा जास्तच मोठे वाटले. तिने दोघांना कुंकू लावले. अभिमनच्या कपाळाला बोट टेकवताना तिला कळले, की कपाळ गार आहे आणि घामाने भिजले आहे.

"घाबरना का रे?"

"तूच घाबरेल शे," तो म्हणाला आणि चष्मा खाली ओढला.

आधी लहान गाड्यांची शर्यत झाली. तिसऱ्या फेरीला एक कोवळा पोरगा कोपऱ्यावर वळता वळता धुळीत घसरला आणि तानुबाईच्या ओट्याशी येऊन पडला. गाडी एकीकडे, तो एकीकडे. मनगट वाकडे झाले होते. तो ओरडत नव्हता, नुसता मनगटाकडे पाहत होता. शर्यत संपल्यावर मास्तर आणि आणखी दोघांनी त्याला खाटेवर घालून डॉक्टरांच्या मांडवाकडे नेले.

कोपऱ्यावर बायकाच राहिल्या. मग पुष्पाबाई तानुबाईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काल सांगेल व्हतं ना मी? पयलाच पोऱ्या, आनि तुनाच दारसमोर पडना. भाऊ येस त्या वाटे, आनि बहीणनं दार सुतकसारखं!"

तानुबाईने दारासमोर पाहिले. सूर्य वर आला होता. कोरडे डांबर, त्यावर धुळीचा थर, त्यात त्या पोराच्या घसरण्याचा लांब ओरखडा. सबंध गल्लीत एकाही दारापुढे सडा नव्हता. जणू घरोघरी कोणीतरी गेले होते.

ती आत गेली. बादली मोरीत होतीच. एकच ओंजळ टाकायची, तीही ओट्याला लागून, रस्त्यावर नाही, असे तिने मनाशी ठरवले. तिने ओंजळभर शेणपाणी ओट्याच्या कडेला शिंपडले. हात थांबेना, म्हणून आणखी एक ओंजळ टाकली. रांगोळीची चिमूट घेऊन दारासमोर एक स्वस्तिक काढले.

पुष्पाबाईंनी मान डोलावली आणि आपल्या घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात बादली होती. समोरच्या घरातूनही बादली आली, तिच्या पलीकडच्या घरातूनही. प्रत्येक घरात सकाळी सवयीने शेण कालवले गेले होते आणि प्रत्येक बाई कोणीतरी सुरुवात करण्याची वाट पाहत होती. ज्यांच्या घरांना ओटा नव्हता त्यांनी सरळ रस्त्यावरच, हात लांब फेकून सडा घातला. गच्चीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बरं झालं माय, धूय बठनी!" कोणीतरी वरून ओरडले.

बघता बघता कोपरा हिरवट, ओला आणि चकचकीत झाला. एरंडेलाच्या वासावर शेणाचा ओळखीचा वास चढला. सकाळपासून पहिल्यांदाच तानुबाईला नीट श्वास घेता आला.

कर्ण्यावरून मोठ्या गाड्यांची शर्यत सुरू झाल्याचे सांगितले गेले. त्याच वेळी मास्तर गर्दीतून वाट काढत परत आले. दोराखालून वाकून त्यांनी रस्त्यावर पाय ठेवला, तो पुढे सरकला, आणि ते एका हातावर पडले. उठून त्यांनी हाताचा तळवा पाहिला. मग एकेका दाराकडे पाहिले. बायका इकडेतिकडे पाहू लागल्या. तानुबाई तेवढी त्यांच्याकडे पाहत होती.

"हे कोणी..." ते म्हणाले. पुढचे शब्द गाड्यांच्या आवाजात बुडाले.

मास्तरांनी झेंडा उचलला आणि जिवाच्या आकांताने हलवला. पहिल्या फेरीला सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून आल्या. झेंडा पाहून पुढच्यांनी वेग आवरला, मागच्यांना तो दिसलाच नाही. मुंबईचा एक स्वार कसाबसा सावरला. इंदूरचा दोरात शिरला आणि बांबू मोडून थांबला. त्यांच्यामागून अभिमन आला. वळताना त्याच्या गाडीचे मागचे चाक सरकत बाहेर निघाले, गाडी रस्त्यावर आडवी झाल्यासारखी वाटली, आणि त्याने बूट जमिनीवर रोवला. बूट फरफटला. क्षणभर तानुबाईला त्याचे तोंड दिसले, उघडे, आवाज नसलेले. मग चाकाने कुठेतरी कोरडी जागा धरली आणि गाडी धक्का देऊन पुढे गेली.

शेवटची गाडी गेल्यावर कोपऱ्यावर एकदम शांतता पसरली. रस्त्यावर चाकांच्या वेड्यावाकड्या रेघा होत्या आणि स्वस्तिक पुसले गेले होते.

"सांगून ठेवलं होतं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "या गर्दीतून मांडवापर्यंत निरोप जाईस्तोवर अर्धी शर्यत संपेल."

तानुबाईने एवढेच विचारले, "काय टाकायचं यावर?"

"कोरडं काहीही. राख, माती, वाळू."

ती घरात धावली. चुलीतली राख घमेल्यात भरताना विस्तव हाताला लागला, ते तिला नंतर कळले. बाहेर येत तिने ओरडून सांगितले, "राख आना! घरघरनी बठ्ठी राख! पुष्पाक्का, तुनी वाळू!"

पुष्पाबाईंनी ओटा वाढवायला पांझरा नदीची वाळू आणून ठेवली होती. त्यांनी एकदा वाळूच्या ढिगाकडे पाहिले, एकदा रस्त्याकडे. मग पदर खोचून त्याच आधी वाकल्या.

गाड्या परत येईपर्यंतचा वेळ फार थोडा होता. मास्तरांनी कवायतीचा आवाज काढला. "चला!" म्हटले की बायका घमेली घेऊन दोराखालून आत शिरत, राख आणि वाळू फेकत, पायाने पसरत. आग्रा रोडकडून घरघर ऐकू आली की, "मागे! सगळ्या मागे!" एकदा पुष्पाबाई वाकलेल्याच राहिल्या, तेव्हा मास्तरांनी त्यांना दंडाला धरून ओढले. एरवी असे कधी घडले नसते. गच्चीवरचे लोक आधी हसत होते. मग त्यांच्या लक्षात आले. काही जण खाली उतरले आणि टोप्यांतून, उपरण्यांतून वाळू आणू लागले.

दर फेरीला झेंडा हलत होता आणि दर फेरीला गाड्या हळू होऊन वळत होत्या. तानुबाई प्रत्येक वेळी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. डोळे मिटून घ्यावेत असे तिला वाटे, पण मिटता येत नसत. तो येईपर्यंत ती श्वास धरून ठेवी आणि तो गेला की पुन्हा राखेला धावे. मुंबईच्या स्वाराची गाडी पुलाजवळ बंद पडली. अभिमन दुसरा आला. मग, अर्धी शर्यत उलटल्यावर, पहिला. कर्ण्यावरचा माणूस आता ओरडतच होता. पश्चिम खानदेश पुढे, पूर्व खानदेश मागे! धुळे पश्चिमेत, यावल पूर्वेत; तोतारामची लाल गाडी अभिमनच्या मागे सावलीसारखी लागली होती.

शेवटची फेरी राहिली तेव्हा कोपरा राखाडी आणि खरखरीत झाला होता. ऊनही चढले होते. फक्त आतल्या अंगाला, गटारीच्या कडेने, भिंतीच्या सावलीत एक पट्टा अजून काळसर दिसत होता. मास्तरांनी वाकून त्यावर बूट घासला, आणखी वाळू टाकली, पुन्हा घासला.

"मला वाटतं, आता चालेल," ते म्हणाले आणि त्यांनी झेंडा खाली घेतला.

"वाटतं?"

"बहुतेक चालेल."

"खात्री आहे का तुमची?"

मास्तरांनी आयुष्यात जे नक्की माहीत नाही ते कधी पोरांना सांगितले नव्हते. त्यांनी पुन्हा त्या पट्ट्यावर बूट घासला.

तानुबाईला सगळे स्पष्ट दिसत होते. झेंडा खाली राहिला तर अभिमन या कोपऱ्यावरून वाऱ्यासारखा जाईल, नेहमीसारखा आतल्या कडेला चिकटून. आणि तो काळा पट्टा वाळलेला असला तर तो जिंकेल. गाडी विकली जाईल. पुन्हा कधी तिला असे भिंतीला टेकून उभे राहावे लागणार नाही. इतके दिवस तिने देवाकडे जे मागितले होते ते वाऱ्याच्या वेगाने आग्रा रोडवरून येत होते.

"वर धरा," ती म्हणाली.

"तो हरेल. तोताराम अगदी मागे आहे."

"माहीत आहे. वर धरा."

मास्तरांनी झेंडा वर धरला.

अभिमनने तो लांबूनच पाहिला असावा, कारण इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. तो जवळजवळ सरळ बसून, कडेपासून दूर राहून, एखाद्या म्हाताऱ्यासारखा वळला. मागून तोतारामही हळू झाला. नियम त्याने पाळला. पण तो आधीच बाहेरच्या अंगाने आला होता, त्यामुळे गल्लीत शिरताच त्याला रस्ता सरळ मिळाला. कोपरा संपला तिथे त्याची लाल गाडी अभिमनच्या बरोबरीला आली आणि नदीकडे वळताना पुढे दिसली.

गल्लीतून एकच मोठा सुस्कारा निघाला. थोड्या वेळाने कर्ण्यावरून ऐकू आले, "पूर्व खानदेश! यावलचे तोताराम!"

अभिमन गाडी ढकलत आला तेव्हा बायका अजून तिथेच होत्या. त्याचा चेहरा धुळीने पांढरा झाला होता, फक्त चष्म्याची जागा काळी. त्याने गाडी भिंतीला लावली आणि कोपऱ्यावर जाऊन बूट घासून पाहिला. तो काळा पट्टाही पाहिला. तिथे त्याने पुन्हा पुन्हा बूट घासला. वाळू करकरली. बूट सरकला की नाही ते कोणालाच नीट कळले नाही.

"शेवटली फेरीले झेंडा कसाले?" त्याने मास्तरांना विचारले. "कोरडं व्हतं ना बठ्ठं?"

मास्तर काही बोलण्याआधी पुष्पाबाई म्हणाल्या, "अरे भो, बठ्ठी गल्लीनी सडा टाका. एकलं कोनी नही."

"पयला सडा मी टाका," तानुबाईने कबुली दिली. "आनि झेंडाबी मीच वर धराले लावा."

अभिमन तिच्याकडे वळला.

"मी जिकेल व्हतू, अक्का."

"माले म्हाईत शे."

"जिकतू तं गाडी इकतू."

"तेबी म्हाईत शे."

तो ओट्यावर बसला आणि बूट काढू लागला. पहिल्या फेरीत जमिनीवर रोवलेल्या बुटाचे कातडे कडेने पार घासले गेले होते. आतल्या मोज्यालाही भोक पडले होते. त्याने त्या भोकातून बोट घालून पाहिले आणि बूट बाजूला ठेवला. तानुबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा त्याला तिच्या भाजलेल्या बोटांवरचे फोड दिसले. तांब्या त्याने तिच्या हातून काढून घेतला. मग जेवायला बसला. तोतारामही हार काढून शेजारी येऊन बसला. ज्या कोपऱ्याने आपल्याला जिंकवले त्याच्याकडे त्याने पाठ केली.

"मार्चमा जळगावले शर्यत शे," भाकरी मोडता मोडता अभिमन म्हणाला.

तानुबाईने त्याच्या ताटात वरण वाढले.

मार्चमध्ये शर्यतीच्या आदल्या दिवशी ती मास्तरांबरोबर मोटारीने जळगावला गेली. नातलगांकडे पिशवी ठेवली आणि शर्यतीचा रस्ता पायी हिंडून पाहिला. प्रत्येक वळणावरच्या प्रत्येक घरात ती जाई. उद्या सकाळी सडा घालू नका, असे दुसऱ्याच्या घरातल्या बाईला सांगणे सोपे नसते. काही जणी हसल्या. काहींना राग आला. एकीने तर विचारले, "कोण गेलं तुमच्याकडचं?" तानुबाई सगळ्यांना धुळ्याची हकीकत पहिल्यापासून सांगे. बहुतेक जणी कबूल झाल्या.

सगळ्यांत वाईट वळणावर मंदाबाई नावाच्या म्हाताऱ्या राहत होत्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुझं खरं आहे, बाई. पण या दाराचा सडा माझ्या सासूपासून चुकलेला नाही. मालक गेले तेव्हाच काय तो चुकला. मी टाकणार."

तानुबाईने वाद घातला नाही. "मग उजाडायच्या आत टाकू. मीच येते टाकायला. पाणी कमी घेऊ, म्हणजे वाळेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघींनी मिळून सडा घातला. शेण थोडे, पाणी त्याहून थोडे. पण समोर दुमजली घर होते आणि त्याच्या आडून ऊन लवकर येईना. लोक जमू लागले. दोर ताणले गेले. तानुबाई चपला काढून त्या ओलसर जागेवरून अनवाणी येरझारा घालू लागली. कडेला वाळले होते. मधे अजून गार लागत होते. तिने माती टाकली, झाडली, पुन्हा टाकली.

स्टेशनच्या बाजूने इंजिने सुरू झाल्याचा आवाज आला.

"वाळलं का गं?" मंदाबाईंनी दारातून विचारले.

"नाही अजून."

मंदाबाई आत गेल्या आणि दोन सुपे घेऊन बाहेर आल्या. एक त्यांनी तानुबाईच्या हातात दिले. लोक पाहत होते, कोणीतरी हसलेही. त्या दोघी भर रस्त्यात उकिडव्या बसल्या आणि त्या ओल्या जागेवर जोरजोराने वारा घालू लागल्या.